रंजूचा अर्धा धवला

माझी धाकटी बहीण रंजू पाच वर्षांची होईपर्यंत एक शब्द बोलली नव्हती, असं ज्या मुलीनं टीव्हीवर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं, ती मुलगी म्हणजे मी. आमच्या अंजूर गावातल्या कित्येकांना ते अजून खरं वाटतं. रंजू तीन वर्षांची असल्यापासून बोलत होती, आणि भरपूर बोलत होती. फक्त ती दुसऱ्यांची वाक्यं बोलायची. तहान लागली की म्हणायची, "पावन्यांना पानी दे गो." आई पाहुणे आले की मला जे सांगायची तेच. एकदा भिवंडीला जाताना रिक्षात तिचं पोट दुखलं होतं. तेव्हापासून पोट दुखलं की ती रिक्षावाल्याच्या आवाजात ओरडायची, "भिवंडी, भिवंडी, एक सीट." आम्हा घरच्यांना यातलं सगळं कळायचं. बाहेरच्यांना ते येडेपण वाटायचं, आणि बाहेरच्यांना समजावत बसायची आम्हाला, खरं सांगायचं तर, लाज वाटायची.

आमची खाडीकडची शेती गोडाऊनवाल्यांना विकून झाली होती आणि त्यातून स्लॅबचं घर उभं राहिलं होतं. जमिनीला चकचकीत फरशी, बाहेरच्या खोलीत भिंतभर शोकेस, आणि शोकेसच्या मधोमध गावातला सगळ्यात मोठा टीव्ही. बाबांना त्या टीव्हीचा फार अभिमान. पण स्वयंपाक मात्र मागच्या पडवीत चुलीवरच व्हायचा, कारण गॅसवरची भाकरी आईला भाकरीच वाटत नसे. सकाळी उठलं की तांदळाच्या पिठाची उकड काढल्याचा वास, भाजलेल्या सुकटीचा वास, आणि पलीकडे कंटेनर मागे घेताना होणारी ती टीं-टीं. त्या टीं-टींनं रंजू कानांवर हात दाबून मोरीत जाऊन बसायची. तिची भाकरी चार सारखे तुकडे करून द्यावी लागे आणि सुकट भाकरीला लागता कामा नये. कालवण वगैरे तिच्या ताटात कधी गेलंच नाही. एकदा मी मुद्दाम, गंमत म्हणून, तीनच तुकडे वाढले होते. त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत जेवली नाही आणि आईनं मला उलथन्यानं बडवलं. कल्याणच्या एका डॉक्टरनं कागदावर 'मतिमंद' लिहून दिलं होतं. तो कागद आईनं तांदळाच्या पिंपामागे सारला होता आणि त्यावर घरात पुन्हा कुणी बोललं नाही.

रंजूला खऱ्या अर्थानं सांभाळलं ते हिराआत्यानं. बाबांची थोरली बहीण, नवरा लवकर गेला म्हणून आमच्याकडेच असायची, आणि आमच्या पंचक्रोशीतली धवलारीण होती. आमच्या आगरी लग्नात हळदीपासून सगळ्या विधींच्या वेळी धवले, म्हणजे लांबलचक गाणी, म्हणतात, ती म्हणणारी ही बाई. भटजी एक वेळ उशिरा आला तर चालायचं, धवलारीण नसली तर मांडवात पान हलत नसे. हे धवले कुठल्या वहीत लिहिलेले नव्हते, आत्याच्या डोक्यात होते, आणि तिच्या मागे मागे फिरून रंजूच्याही डोक्यात गेले. आत्याचा एकच नियम होता. धवला सुरू केला की शेवटाला नेल्याशिवाय तोंड मिटायचं नाही. "मधी सोराचा न्हाय," ती सांगायची. "नवरीला हलद लागली का मगच उठाचा. अर्धा धवला सोरला तं पोरीचा संसार अर्धा रं." आम्ही बाकीच्या पोरी मान डोलवायचो आणि वड्यांचा वास आला की उठून पळायचो. रंजूला मात्र हा नियम फार आवडला असावा. जगात तिला ओरबाडणारं एवढं सगळं, आणि त्यात ही एक गोष्ट अशी की जी सुरू होते, ठरलेल्या वाटेनं जाते आणि संपते. एका हळदीला जेवणं वाढली, बायका उठून गेल्या, वीज गेली, आणि रंजू एकटी मांडवात बसून धवला म्हणत राहिली. आत्या तिच्या शेजारी बसून राहिली. तिला हात लावला नाही की घाई केली नाही. संपल्यावर दोघी उठून जेवायला आल्या, मटण गार झालेलं.

तिला मध्येच थांबवलं तर काय होतं तेही आम्हाला ठाऊक होतं. ती पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची. दुसऱ्यांदा थांबवलं तर डोकं आपटून घ्यायची. म्हणून कुणी थांबवायचं नाही, एवढं साधं होतं.

टीव्हीच्या फंदात घराला मी ओढलं. मी अकरावीला, भिवंडीच्या कॉलेजात जाणारी, आणि मला गायिका व्हायचं होतं. लहान मुलांची आणि तरुणांची एक मोठी गाण्याची स्पर्धा तेव्हा टीव्हीवर लागायची, परीक्षक बसायचे, लोक मोबाईलवरून मतं पाठवायचे, आणि हरलेल्याची आई रडली की आमची आईही रडायची. ठाण्यात निवड चाचणी होती. मी फॉर्म भरला, आत्याला आणि रंजूला घेऊन गेले, कारण रंजूला घरी ठेवून आत्या यायला तयार नव्हती. मी दोन ओळी म्हटल्या आणि "नेक्स्ट" झाले. मला वाटतं, मी बाहेर येऊन ज्या तोंडानं भिंतीला टेकले ते तोंड आजही मी कुणाला दाखवणार नाही. त्याच वेळी रांगेतल्या गोंधळानं घाबरलेली रंजू जमिनीवर बसून हळदीचा धवला म्हणू लागली होती. तिथून जीन्स घातलेली, गळ्यात ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी जात होती. ती थांबली. आत्याशेजारी उकिडवी बसली. शेवटपर्यंत ऐकलं, हे मी तिच्या बाजूनं सांगितलंच पाहिजे. मग मला विचारलं, "ही नॉर्मल बोलते का?"

तिचं नाव अनुश्री, त्या टीव्हीच्या कार्यक्रमाचंच काम करणारी. आठवड्याभरानं ती कॅमेरावाल्यांना घेऊन आमच्या दारात उतरली. तिच्याच तोंडून मी 'ऑटिझम' हा शब्द आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. "ऑटिस्टिक असेल ही," ती आईला म्हणाली, "डॉक्टरांचं काही लेटर आहे का? म्हणजे स्टोरी स्ट्राँग होईल." आईनं पिंपामागचा कागद काढून आणला. अनुश्रीनं तो वाचला, तोंड वाकडं केलं आणि परत दिला. मतिमंद हा शब्द टीव्हीवर बरा दिसत नव्हता. एवढी वर्षं ज्या शब्दाची आम्हाला गरज होती तो असा आला, कॅमेऱ्याच्या पेटीबरोबर, आणि त्याचा अर्थ आम्हाला सांगितला गेला तो असा की, अशी मुलं बोलत नाहीत पण देव त्यांना एक काहीतरी देऊन टाकतो. आम्ही तो अर्थ घेतला. घरात कुणाला मतिमंद मुलगी नको होती, देवाची देणगी सगळ्यांनाच चालणार होती. बाबा तर त्या दिवशी दुप्पट उंच दिसत होते. "अगो, टीवीवाले आपले दारान आलेत," ते आईला सारखं सांगत होते. कॅमेरावाल्यांना आईनं खाडीचे चिंबोरे करून वाढले आणि त्यांनी बोटं चाटून खाल्ले.

माझी मुलाखत पडवीत घेतली. अनुश्री म्हणाली, "रंजू पहिल्यांदा कधी बोलली?" मी म्हटलं, तीन वर्षांची असताना. ती म्हणाली, "आणि गायला कधी लागली?" पाचव्या-सहाव्या वर्षी. "मग असं सांग ना," ती गोड हसून म्हणाली, "पाच वर्षं ती बोललीच नाही, आणि एक दिवस आत्या गात होती, आणि ही गायला लागली. खोटं थोडीच आहे? ते काही आपल्यासारखं बोलणं नव्हतं ना." मला ते पटलं, कारण मला ते पटवून घ्यायचं होतं. चौथ्या वेळेला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि सगळे म्हणाले, परफेक्ट. जी मुलगी स्पर्धेत नापास झाली होती ती शेवटी टीव्हीवर चालली होती. कॅमेरा बंद झाल्यावर अनुश्रीनं वही काढून विचारलं, "तिला काय चालत नाही ते पण सांग हं, सेटवर काळजी घेऊ." तेव्हा मात्र मी खरं सांगितलं, अगदी बारकाईनं. टीं-टीं आवाज चालत नाही. अनोळखी माणसानं मिठी मारलेली चालत नाही. धवला मध्येच तोडलेला चालत नाही, तोडला की पहिल्यापासून, पुन्हा तोडला की डोकं आपटते. तिनं सगळं लिहून घेतलं. मला वाटलं, चला, मी बहिणीची सोय केली.

चित्रीकरण गोरेगावकडे होतं, भर दुपारी, पण आत शिरलं की दुपार उरत नसे. बर्फासारखा गार हॉल, डोळ्यांत घुसणारे दिवे, आणि प्रेक्षकांना टाळ्या कधी वाजवायच्या ते सांगणारा एक माणूस. रंजूला हिरवं लुगडं नेसवलं होतं, केसांत अबोली. ती त्या माणसाच्या वाक्यांचा सराव करत होती, "जोर से, जोर से, एक बार और." हसत होती. तिला भीती वाटत नाही हे बघून मला बरं वाटलं, पण आत्याचं लक्ष परीक्षकांच्या टेबलाकडे होतं. टेबलावर लाल बटण होतं. "ते कनाला हाय?" तिनं विचारलं. अनुश्री म्हणाली, "वेळ संपली की वाजवतात, आजी. सगळ्यांनाच." आत्या म्हणाली, "धवला येलेवर सपत न्हाय." अनुश्री म्हणाली, "तेच तर लोकांना बघायचंय."

हे वाक्य मी ऐकलं. मी तिथेच उभी होते.

हळदीच्या धवल्यात नवरीचा भाऊ हळद आणायला कल्याणच्या बाजाराला निघतो. होडीत बसतो, खाडी ओलांडतो, हळद घेऊन परत येतो, मग ती दळतात आणि नवरीला लावतात. पंधरा-वीस मिनिटांचं काम. रंजूनं सुरू केलं तेव्हा तो हॉल खरोखरच गप्प झाला. भाऊ होडीत बसला, होडी खाडीच्या मध्यावर आली, आणि बटण वाजलं. टँऽऽ असा लांबलचक, सगळ्या भोंग्यांतून. रंजूनं मान खाली घातली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. लोक कौतुकानं हसले. होडी मध्यावर आली, पुन्हा बटण. या वेळी कुणी हसलं नाही, कारण रंजूनं माईकच्या दांड्यावर कपाळ आपटलं, एकदा, दोनदा, आणि मग मोजायचं राहिलं. आत्या धावली, तिला दोघांनी धरलं. तोवर परीक्षकांपैकी एक बाई स्टेजवर चढली, तिनं रंजूला छातीशी घट्ट कवटाळलं आणि ती रडू लागली. रंजू तिच्या मिठीत मासोळीसारखी तडफडत होती. टाळ्यांच्या माणसानं हात वर केले, लोक उभे राहिले. पुढच्या फेरीत गेल्याचं जाहीर झालं तेव्हा रंजूच्या कपाळावरून रक्ताची बारीक रेघ उतरली होती. रंगभूषेच्या खोलीत एका मुलीनं ती पावडरीनं झाकली.

एपिसोड लागला तेव्हा आमच्या बाहेरच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. टीव्हीवर सगळं संथ झालं होतं, मागे बासरी वाजत होती, मध्ये मध्ये माझा रडका चेहरा. बटण एकदाच वाजताना दाखवलं. कपाळ आपटणं दाखवलं, पण ते गाण्यात देहभान हरपल्यासारखं. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. एक म्हातारी म्हणाली, "अंगान आलं गो पोरीचे, देवी आली." दुसऱ्या दिवशी ती नारळ घेऊन आली. तिच्या मागोमाग जवळच्या कोन गावाहून बायका आल्या, मग भिवंडीहून यंत्रमागावरचे लोक बायकापोरांना घेऊन आले, "सुना है यहाँ एक गूँगी बच्ची है, गाती है तो दुआ लगती है." नाक्यावर रंजूच्या फोटोचा फलक लागला, तिला मत द्या म्हणून, खाली पुढाऱ्यांचे फोटो तिच्याहून मोठे. आज ऑटिझमबद्दल शाळांतून तक्ते लावतात, माझी मुलगी मला त्यातलं काही वाचून दाखवते, आणि मी ऐकते. पण मला तेव्हाचे लोक वाईट होते असं म्हणवत नाही. त्यांना जे दाखवलं ते त्यांनी पाहिलं. दाखवणाऱ्यांत मी होते.

घरात मात्र काहीतरी बिघडलं होतं. रंजू दुसऱ्यांची वाक्यं बोलेना. पाणी मागेना. सकाळी उठल्यापासून ती तो हळदीचा धवला सुरू करायची, होडी खाडीच्या मध्यावर यायची, आणि मग रंजू स्वतःच्याच गळ्यातून टँऽऽ असा आवाज काढायची. हुबेहूब. तोच ताण, तेवढाच लांब. मग पुन्हा पहिल्यापासून. भाकरीचे चार तुकडे तसेच पडून राहायचे. आई पाणी पाजायला गेली तर ती ते गालांतून सांडू द्यायची. आत्यानं फार प्रयत्न केले. ती समोर बसून रंजूबरोबर म्हणायची आणि होडी मध्यावर आली की स्वतः पुढची ओळ धरायची, तिला पलीकडच्या काठाला न्यायला. रंजू आत्याच्या तोंडावर हात दाबायची आणि टँऽऽ करायची. तिसऱ्या-चौथ्या दिवशी आत्या पडवीत येऊन बसली. "त्यांनी पोरीचा धवला तोरला," ती बाबांना म्हणाली. "हीला परत तिकरं नको धारू. ही मरल." बाबांनी बाहेरच्या गर्दीकडे पाहिलं. मग म्हणाले, "आक्के, मी त्यांचे कागदावर सही केलीय. आन गाव का बोलल? पोरी बऱ्या होतात टालीनं. टाली वाजली का बरी होईल." ते मनापासून बोलत होते. बाहेर आलेले लोक खिडकीतून रंजूचा टँऽऽ मोबाईलमध्ये भरून घेत होते.

दुसऱ्या फेरीला न्यायला गाडी आली तेव्हा आत्या दारात आडवी उभी राहिली. अनुश्रीनं तिला वाकून नमस्कार केला आणि माझ्याकडे वळली. "तू समजाव ना आजींना. तू शिकलेली आहेस." माझ्या एका शब्दावर त्या दिवशी सगळं अडलं होतं. मला एवढंच सांगायचं होतं की, बाबा, हिला काय चालत नाही ते मी यांना सांगितलं होतं आणि यांनी तेच केलं. बाबा तापट माणूस, त्यांनी ती गाडी खाडीत घातली असती. पण मी नवा ड्रेस घातला होता. कॉलेजात माझ्या मागे मुली "ती बघ, रंजूची ताई" म्हणायला लागल्या होत्या, आणि अनुश्रीनं या वेळी मला स्टेजवर बोलवायचं कबूल केलं होतं. मी आत्याचा दंड धरला आणि तिला बाजूला घेतलं. ती फार हलकी होती. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसऱ्या फेरीत रंजूनं होडी मध्यावर आणली आणि परीक्षकांचा हात बटणाकडे जायच्या आत स्वतः टँऽऽ केलं. हॉल हसून लोटपोट झाला. परीक्षकांनी टेबल बडवलं. पुन्हा, म्हणाले, पुन्हा कर. तिनं पुन्हा केलं, तिला दुसरं काही करताच येत नव्हतं. मला स्टेजवर बोलावलं तेव्हा मीही हसत होते, तो एपिसोड कुणाकडे असेल तर त्यात दिसेल. मतं कमी पडली, फलक उतरला, नारळ बंद झाले. अनुश्रीचा फोन पुढे लागला नाही. रंजू महिन्याभरानं जेवायला लागली, वर्षाभरानं "पावन्यांना पानी दे गो" म्हणाली, आणि आई त्या दिवशी पडवीत बसून ओक्साबोक्शी रडली. पण धवला तिथंच अडकला. सगळे धवले. कुठलाही सुरू केला तरी मध्ये तो आवाज. गावातली पोरं तिला रस्त्यात बघून टँऽऽ करायची, ती थांबून उत्तर द्यायची. आणि ज्यांच्या मांडवात ती आत्याच्या शेजारी बसायची त्या बायका हळूहळू सांगू लागल्या की रंजूला आणू नका, हळदीला अर्धा धवला बरा नव्हे. आत्या म्हणायची, मग मीही येत नाही. बरीच लग्नं तिनं तशी सोडली.

तीन वर्षांनी माझं लग्न ठरलं. हळदीच्या आदल्या दिवशी आत्यानं रंजूचं हिरवं लुगडं धुऊन दोरीवर टाकलं होतं. सासरकडून कुणी काही बोललं नव्हतं, हे मी स्पष्ट लिहून ठेवते. आई काही बोलली नाही, बाबा बोलले नाहीत. मी मामाला बोलावलं आणि म्हटलं, रंजूला दोन दिवस तुझ्याकडे कोनला घेऊन जा, इथे गर्दी तिला सोसायची नाही. मामाच्या स्कूटरवर ती निमूट बसली. आत्यानं खिडकीतून ते पाहिलं, दोरीवरचं लुगडं ओलंच काढलं आणि घडी घालून ठेवलं. दुसऱ्या दिवशी तिनं माझ्या हळदीला धवला म्हटला, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, एकटीनं, माझ्या तोंडाकडे बघत. मला हळद लागली. सगळं नीट पार पडलं.